फीपेक्षा आधी खेळायला किती मिळणार ते विचारा

बाहेरगावी खेळायला जाणाऱ्या मुलांच्या फुटबॉल संघांची फी, किट, हॉटेल यांचा हिशेब तुमच्या लेखात चांगला मांडलाय. पण पालकांनी पहिला विचारायचा प्रश्न राहिला: प्रत्येक मुलाला किती वेळ खेळवणार? आमची मुलगी चौदा वर्षांखालच्या संघात आहे. वाळपईहून पहाटे निघून चोर्ला घाटाने बेळगाव गाठायचं, आणि काही मुलं दिवसभर बाकावर बसून परत येतात. बूट कोरडे, जर्सीला मातीचा डागसुद्धा नाही. त्या वयात हे फार लागतं हो. प्रशिक्षकाने निवडीच्या वेळीच स्पष्ट सांगायला हवं.

दुसरं दुखण्याचं. गुडघ्याखाली किंवा टाचेत सारखं दुखत असेल तर स्प्रे मारून मुलाला मैदानात ढकलू नका. तिथलं हाड अजून वाढत असतं, डॉक्टरांना दाखवाच. आठवड्याचे सरावाचे तास वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत, असं क्रीडावैद्यक सांगतं.

भारताचे माजी कर्णधार, गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकरांच्या गोव्यात पोरांनी मोठी स्वप्नं बघावीतच. पण आमच्या सत्तरी तालुक्यातच चांगले प्रशिक्षक आणि नियमित लीग मिळाली, तर निम्मा प्रवास वाचेल. यावर पुढचा लेख लिहा, ही विनंती.