भूतदया बेताने कशी करावी

आपण माळकरी असाल, किंवा नुसतेच आषाढ जवळ आला की तसे वाटून घेणारे असाल, तर भूतदया बेताने कशी करावी हे वेळीच शिकून घेतलेले बरे. कारण संतांनी या बाबतीत कसलीच मर्यादा घालून न दिल्यामुळे भाविकाची फार पंचाईत होते. रंजल्यागांजल्यांना आपले म्हणावे, असे तुकोबा सांगून गेले खरे, पण किती वाजेपर्यंत म्हणावे हे त्यांनी सांगितले नाही. ते आपले आपणच ठरवायचे आहे.

करुणेसाठी वारकऱ्यासारखे सोयीचे पात्र दुसरे नाही. ज्येष्ठ वद्यात निघालेल्या पालख्या पुण्यात येतात, माउलींची भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला उतरते आणि मग दोन्ही पुढच्या वाटेला लागतात, यातच सारे आले. ज्याचे पाय आज चेपले तो परवा आपल्या दारात नसतो, उचल मागत नाही आणि त्याच्या मुलीच्या फीची चौकशीही करावी लागत नाही. आमच्या सोसायटीत दरवर्षी एक दिंडी जेवायला असते. गेल्या वर्षी मी स्वतः एका आजोबांच्या पायांना तेल लावले. फोटो मात्र दोनदा काढावा लागला, कारण पहिल्यात आजोबांचा डोळा लागला होता.

त्या दिवशीच्या खिचडीचे दाणे भाजून कुटण्यापासून मोठी पातेली घासण्यापर्यंत सारे ज्या मावशींनी केले, त्या संध्याकाळी सातव्या मजल्यावरून जिन्याने उतरल्या, कारण सामानाची लिफ्ट बंद होती आणि दुसऱ्या लिफ्टवर ‘घरकामगारांनी वापरू नये’ अशी पाटी आहे. त्यांचा कान तुटलेला कप आमच्याकडे खिडकीत, साबणाच्या वडीशेजारी, निराळा ठेवलेला असतो. याला भेदभाव म्हणू नये, स्वच्छता म्हणावी. शिवाय भेदाभेद अमंगळ असल्याचा अभंग रोज सकाळी त्याच स्वयंपाकघरात लागत असल्यामुळे आमच्याविषयी शंका घ्यायला जागा उरत नाही. नवऱ्याच्या मोतीबिंदूसाठी मावशींनी तीन हजार मागितले, तेव्हा मी त्यांना प्रारब्धाविषयी थोडे सांगितले. त्या ऐकत होत्या. हातातले भांडे मात्र त्यांनी खाली ठेवले नाही.

नाथांची गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. काशीहून रामेश्वराकडे निघालेल्या कावडीतले गंगाजल त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी घातले, हे सांगताना आवाज थोडा भरून आला तर उत्तमच. मात्र ते गाढव वाळवंटात होते, सोसायटीच्या पार्किंगमध्ये नव्हते, हा बारकावाही मुलांना समजावून द्यावा. नाहीतर ती कुत्र्यांसाठी वाडग्यात पाणी ठेवू लागतात आणि मग ते वाडगे उचलण्यासाठी ठराव करावा लागतो.

तरीही मन फारच कळवळत असेल, तर ते दिवंगतांसाठी कळवळू द्यावे. आपल्या परंपरेला याचा दांडगा अनुभव आहे. चोखोबांना हयातीत देवळात पाऊल टाकू दिले नाही, आणि आता पंढरीला गेलेला प्रत्येकजण महाद्वारासमोरच्या त्यांच्या समाधीवर डोके टेकतो. त्यांच्या जातभाईंना आत जाता यावे म्हणून 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले, म्हणजे मधे जवळजवळ सहाशे वर्षे गेली. आणि तेवढा सारा काळ दारात अभंग चालूच होते. तेव्हा लिफ्टच्या बाबतीत कुणी उगाच घाई करू नये.

यंदाच्या तयारीची बैठक परवाच झाली. गेल्या वर्षीच्या फोटोंत ती पाटी मागे स्पष्ट दिसत असल्याची तक्रार आल्यामुळे, पालखीच्या दिवशी तिच्यावर झेंडूची माळ सोडायची असे एकमताने ठरले. पाटीच काढून टाकावी, अशीही एक सूचना होती. ती वार्षिक सभेपुढे ठेवली आहे. माळ मावशी ओवून देणार आहेत.