‘शुद्ध जातच पाळा’ या मेसेजला उत्तर

पावसाळा सरला की आमच्याकडे पिल्लं घ्यायची घाई सुरू होते आणि त्याच सुमारास तो मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतो. यंदा दिंडोरी, पेठ, सुरगाण्याकडच्या पाच-सहा जणांनी मला तो पाठवला आणि विचारलं, ताई, हे खरं का? मेसेजचं सार असं: परसात फक्त मान्यताप्राप्त शुद्ध जातीची कोंबडी पाळा. गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया या संकरित कोंबड्या म्हणजे भेसळ आहे, इंजेक्शनं देऊन वाढवलेली. शुद्ध जातीला रोग होत नाही, लस लागत नाही. तपकिरी अंडं शुद्ध जातीचं, म्हणून ताकदीचं. संकरित कोंबडी खुडूक होत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही, म्हणजे वंश बुडाला. आणि खाली कडकनाथची पिल्लं मिळण्याचा नंबर.

नाशिकजवळ अकरा वर्षं मी परसात कोंबड्या पाळते आहे. यातलं एकेक घेते.

आधी ‘शुद्ध’ हा शब्द. आपल्या देशात जातींची नोंद कर्नालची राष्ट्रीय संस्था करते. असील, कडकनाथ, अंकलेश्वर, निकोबारी या नोंदलेल्या जाती. आपल्याला सगळ्यात जवळची म्हणजे नंदुरबार-धुळ्याकडची बुसरा. पण पेठच्या एखाद्या पाड्यावर जा आणि अंगणातल्या कोंबड्या बघा: एक तांबडी, एक ठिपक्यांची, एकीची मान उघडी. यातली कुठलीही त्या यादीत बसेलच असं नाही. जो कोंबडा गावात होता त्याच्यापासून पिढ्यान् पिढ्या झालेली ही गावरान. मेसेजचं ऐकायचं तर आधी आपली गावरानच हाकलावी लागेल.

आणि ज्या विलायती जातींना सगळे डोळे मिटून शुद्ध म्हणतात, त्या तरी कशा झाल्या? ऱ्होड आयलंड रेड ही एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी मलय, लेगहॉर्न आणि आशियाई कोंबड्यांच्या संकरातून तयार केली. 1904 मध्ये तिथल्या कुक्कुटपालकांच्या संघटनेने तिला जात म्हणून मान्यता दिली. आधी संकर, मग निवड, मग नोंद. नोंद म्हणजे रंग-रूप-गुण पुढच्या पिढीत तसेच उतरतील याची खात्री. कोंबडी काटक आहे, अंडी जास्त देते, असं ती नोंद सांगत नाही.

इंजेक्शनाचं म्हणाल, तर ते लोकांनी पाहिलेलं आहे, खोटं नाही. हॅचरीत एक दिवसाच्या पिल्लाला मानेच्या कातडीखाली टोचतात. ती मरेक्स रोगाची लस असते. वाढ होण्याचं औषध नव्हे. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो तोही निवडीने आणि खाद्याने. वनराजला परसात तेवढं वजन धरायला कितीतरी महिने लागतात. दोघांना एका मापात मोजू नका.

मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ लसीची. माझ्या शेजारच्या वाडीत एका बाईने ‘गावरानला काही होत नाही’ म्हणून लस टाळली. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, आला. मी गेले तेव्हा तिची तांबडी तलंग (तरुण कोंबडी) अंगणात गोल गोल फिरत होती, मान पाठीकडे वळलेली, दाणा दिसतोय पण चोच पोचत नाही. आठवड्यात सतरापैकी चौदा गेल्या. मानमोडीची लस म्हणजे पहिल्या आठवड्यात डोळ्यात लासोटाचा एक थेंब, पुढे बूस्टर आणि दोन महिन्यांच्या सुमारास पंखाखाली टोचणी. जातीचा कागद बघून विषाणू थांबत नाही. 2006 मध्ये बर्ड फ्लू देशात पहिल्यांदा सापडला तो नवापूरला, बुसराच्याच मुलखात. तेव्हा परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या.

तपकिरी अंड्याचं थोडक्यात. कवचाचा रंग कोंबडीच्या वंशावर असतो. अंडं फोडून कवच आतून बघा, रंग फिका पडतो, कारण बराचसा रंग शेवटी वरून चढतो. बलकाचा पिवळेपणा मका, हिरवा पाला, झेंडूच्या पाकळ्या यांतून येतो. आणि कडकनाथचं अंडं काळं नसतं, तरी ‘काळी अंडी’ म्हणून विकणारे आहेत.

कडकनाथवर माझा राग नाही. मध्य प्रदेशातल्या झाबुआचा तो पक्षी, पिसांपासून जिभेपर्यंत काळा. 2018 मध्ये त्याच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ते योग्यच. पण मी ‘शुद्ध’ म्हणून भरपूर पैसे मोजून वीस पिल्लं आणली होती. चौथ्या महिन्यात सात जणांचे तुरे लाल झाले. चोच उघडून पाहिली तर जीभ गुलाबी. काळेपणाचा गुण जोरकस असतो, एका बाजूने कडकनाथ असला तरी पिल्लू बऱ्यापैकी काळं निघतं, आणि लहानपणी फरक ओळखता येत नाही. म्हणजे भेसळ झाली ती शुद्धतेच्या नावाखाली. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथच्या करारात शेतकऱ्यांचे पैसे बुडाले, ते विसरू नका. वनराज विकणारा निदान संकर आहे म्हणून सांगून विकतो.

आता खुडूक. हा मुद्दा निम्मा खरा आहे. ग्रामप्रिया सहसा खुडूक होत नाही, कारण निवड अंड्यांसाठी झालेली. परसात ती वर्षाला 160-180 अंडी देते. गावरान 60-70 देते, कारण खुडूक झाली की कित्येक आठवडे अंडं बंद. पण उबवायला गावरान असली की वंश बुडत नाही. माझी आत्या सुरगाण्याला असते. तिच्याकडे एक काळी गावरान आहे, ती वर्षात तीनदा तरी खुडूक होते. आत्या टोपलीत तूस घालून तिच्याखाली बारा अंडी ठेवते, सातव्या रात्री मोबाइलच्या उजेडावर एकेक धरते, लाल शिरा दिसल्या तर परत, नाहीतर बाजूला. एकविसाव्या दिवशी पिल्लं. निफाडसारख्या थंडीत वीज गेली की बल्ब विझतो, कोंबडीची ऊब जात नाही. घार दिसली की तिचा एक आवाज, आणि सगळी पिल्लं पंखाखाली.

मेसेजवाल्यांचं एक मात्र मान्य करते. वनराज-ग्रामप्रियाची अंडी उबवून पुढची पिढी धरू नका. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने वेगवेगळ्या वाणांच्या मेळातून त्या तयार केल्या आहेत. पुढच्या पिढीत एक मोठं, एक खुरटं, अंडीही घटतात. दर वेळी नवी पिल्लं आणावी लागतात, हा खर्च आधीच धरा. आणि बुसरा असलेल्या गावात संकरित कोंबडे मोकळे सोडू नका. तिथे शुद्धतेला खरंच मोल आहे. तो वाण एकदा मिसळला की परत वेगळा काढता येत नाही.

शेजारच्या त्या बाईने परवा विचारलं, आता काय घेऊ? घरात दोन शाळकरी मुलं, रोज अंडी हवीत, आणि पिल्लंही घरीच निघावीत. तिने दहा ग्रामप्रिया घेतल्या, उरलेल्या तीन गावरान आणि त्यांच्यासाठी एक गावरान कोंबडा ठेवला. उबवायला गावरानचीच अंडी ठेवायची हेही ठरवलं. खुराड्याच्या फळीवर तिने खडूने लसीची तारीख लिहिली आहे.