सूर्यापासूनच्या योग्य अंतरावर भागत नाही

‘दुसरी पृथ्वी सापडली’ अशा मथळ्याची बातमी अधूनमधून येतच असते आणि तिच्यात बहुतेक वेळा एकच गोष्ट ठासून सांगितलेली असते: हा ग्रह आपल्या ताऱ्यापासून अशा अंतरावर आहे की तिथे पाणी द्रवरूपात राहू शकेल. माझा आक्षेप या एकाच निकषावर सगळी भिस्त ठेवण्याला आहे. आपला चंद्र सूर्यापासून जवळपास पृथ्वीइतक्याच अंतरावर असूनही तिथे ना हवा आहे ना नदी. शुक्र आकाराने पृथ्वीएवढाच म्हणावा असा, पण त्याच्या पृष्ठभागावर सुमारे 465 अंश सेल्सिअस तापमान आणि आपल्या हवेच्या नव्वदपट दाब आहे.

हा फरक केवळ अंतराने पडलेला नाही. उष्णता धरून ठेवणारे वायू हवेत नसते, तर पृथ्वीचेही सरासरी तापमान उणे 18 अंशांच्या आसपास राहिले असते. प्रत्यक्षात ते अधिक 15 च्या आसपास आहे. शुक्राच्या हवेत कार्बन डायऑक्साइड 96 टक्के आहे. पृथ्वीवरही कार्बन साधारण त्याच तोडीचा आहे, फक्त तो बहुतांशी चुनखडकांत अडकून पडला आहे.

तो अडकवण्याच्या कामाची सुरुवात आपल्याकडे डोळ्यांनी पाहता येते. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असला की खाली काळा टणक बेसॉल्ट, त्यावर तपकिरी साल धरलेले गोटे, मग मुरूम आणि सर्वांत वर माती असे थर अनेकदा दिसतात. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल बनते, ते दगडातले कॅल्शियम सुटे करते, नद्या ते समुद्रात नेतात आणि तिथे शिंपले, प्रवाळ व सूक्ष्म जीव त्याचा चुना करून तळाशी साठवतात. हवामान तापले की पाऊस वाढतो, दगड लवकर झिजतो आणि वायू अधिक ओढला जातो. गारठले की हे काम मंदावते आणि ज्वालामुखी मात्र वायू परत सोडतच राहतात. इस्त्रीतल्या थर्मोस्टॅटसारखी ही व्यवस्था आहे, फक्त तिचा हिशेब लाखो वर्षांचा असतो. (त्यामुळे आजच्या धुराचा बंदोबस्त सह्याद्री करील, अशी आशा कोणी बाळगू नये.) शुक्रावरचे पाणी गेले आणि ही व्यवस्था चालण्याचा प्रश्नच उरला नाही.

आणि एवढे सगळे जमले तरी तो ग्रह जीवाणूंपुरताच योग्य ठरतो. माणसाला ऑक्सिजन लागतो आणि तो आपल्याकडे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवांनी घडवला आहे. सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साठू लागला, पण पृथ्वीच्या 454 कोटी वर्षांच्या आयुष्यात माणसाला श्वास घेता येईल अशी हवा जेमतेम शेवटच्या दशांश काळात आहे. म्हणजे खुद्द पृथ्वीही बहुतेक काळ आपल्याला राहण्याजोगी नव्हती.

मंगळावर वस्तीच्या गप्पा मारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. तिथला हवेचा दाब आपल्या एका टक्क्याहूनही कमी आहे आणि ध्रुवांवरचा गोठलेला सगळा कार्बन डायऑक्साइड हवेत आणला तरी हा दाब साधारण दुप्पटच होईल. मंगळावर उतरवलेल्या पर्सिव्हिअरन्स या रोव्हरवरील (यंत्रगाडीवरील) मॉक्सी या उपकरणाने 2021 ते 2023 या काळात एकूण 122 ग्रॅम ऑक्सिजन तयार केला. प्रयोग म्हणून हे यश मोठेच, पण तो एका माणसाच्या एका दिवसाच्या गरजेचा सातवा हिस्सा भरतो.

2025 च्या एप्रिलमध्ये केम्ब्रिजचे निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केटू-एटीन बी या 124 प्रकाशवर्षे दूरच्या ग्रहाच्या हवेत जीवसृष्टीचा संभाव्य रासायनिक माग मांडला, तेव्हाही आपल्याकडे मथळे तसेच आले. त्या दाव्यावर इतर शास्त्रज्ञांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. तो उद्या खरा ठरला तरी पृथ्वीच्या आठपटींहून अधिक वस्तुमानाच्या, हायड्रोजनने वेढलेल्या त्या ग्रहावर माणसाला एक श्वासही घेता येणार नाही.