साहेबांचा बोनस आणि आमची लेथ

आज एका कंपनीचा वार्षिक अहवाल मेलवर आला. थोडे शेअर आहेत माझे त्यात. नफा घसरलाय, लाभांश कापलाय, आणि एमडींचा, म्हणजे मॅनेजिंग डायरेक्टरचा, पगार वाढलाय! कर्मचाऱ्यांच्या मधल्या पगाराच्या (सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की मधोमध येतो तो) एमडींचा पगार किती पट आहे, हे लिस्टेड कंपनीला कायद्याने छापावं लागतं. तो आकडा वाचून डोकं फिरलंय.

मी टूलरूममधला माणूस, म्हणजे कारखान्याची हत्यारं-साचे बनवणारा. भोसरीत जिथे उमेदवारी केली तिथले जुने मालक पहिल्या पाळीला शॉपवर, म्हणजे मशिनं चालतात तिथे, फेरी मारायचे. एकदा लेथच्या (धातू फिरवून कातायचं मशिन) हेडस्टॉकवर, म्हणजे काम फिरवणाऱ्या डोक्यावर, तळहात ठेवून म्हणाले, "बेअरिंग तापतंय, हे मशिन आज बंद." दिवसाचं प्रॉडक्शन बुडालं, पण कुणाला बोलणी बसली नाहीत.

पुढे कंपनी विकली गेली. नवे साहेब आले, त्यांचा बोनस त्या-त्या वर्षाच्या नफ्यावर. मग व्हायचं तेच झालं. मेंटेनन्सला कात्री, अप्रेंटिस घेणं बंद, टूलरूमचं काम बाहेर. नफा फुगला, साहेब बोनस घेऊन दुसरीकडे गेले. आणि मग लॉटच्या लॉट रिजेक्ट होऊन परत यायला लागले. तीच लेथ! स्पिंडलमध्ये, म्हणजे फिरत्या दांड्यात, प्ले (ढिलाई), म्हणून बोअर, म्हणजे कातलेलं भोक, ओव्हल. देखभाल टाळली की नफा त्याच वर्षी वाढतो, फटका तीन-चार वर्षांनी बसतो. तोवर साहेब कुठे, आणि शिव्या कुणाला? ऑपरेटरला!

मालक म्हणजे देव नव्हे, मान्य. जेट आणि किंगफिशर मालकांनीच बुडवल्या, लोकांचे पगार थकवून. आणि बाहेरून आलेला चांगला एमडी कंपनी वर काढतोही. त्याला द्या की भरपूर, पण त्याने घेतलेल्या निर्णयांची फळं दिसल्यावर द्या.

राहुल बजाज आकुर्डीला कारखान्याच्या कॉलनीत राहायचे. बिघडलेलं काम दारातच दिसतं तिथे. आमच्या त्या मालकांनाही तळहाताला कळलं, ते रोज तिथे होते म्हणून. नव्या साहेबांना शॉपवर मी क्वचितच पाहिलं. माणूस वाईट नव्हता बहुतेक, पण त्याच्या करारात त्या बेअरिंगची किंमत शून्य होती.

आणि भागधारकांना काही करता येत नाही, हे मला सांगू नका. २०२१ मध्ये आयशर मोटर्सचे एमडी सिद्धार्थ लाल यांच्या फेरनियुक्तीचा पगारासकट ठराव पडला. विशेष ठरावाला ७५ टक्के मतं लागतात, ती मिळाली नाहीत. मग पगाराची कमाल मर्यादा नफ्याच्या ३ टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आणून नवा ठराव मांडावा लागला. बुलेटवाली कंपनी, लाल घराण्याचं राज्य, तरीही!

तिथे विरोधात गेली ती मुख्यतः मोठ्या संस्थांची मतं. अशा संस्थांमध्ये म्युच्युअल फंडही येतात, म्हणजे तुमच्या-माझ्या एसआयपीचे पैसे. कुठल्या ठरावावर काय मत दिलं, हे फंडांना वेबसाइटवर टाकावं लागतं. तुमच्या फंडाने एमडींच्या पगारवाढीला डोळे मिटून 'हो' म्हटलंय का, ते आज रात्री बघा. म्हटलं असेल तर त्यांना मेल टाकून कारण विचारा. मी माझ्या फंडाला आत्ताच टाकलाय.