आत्मघातातला ‘आत्म’ नेमका कोणाचा?

परवा वाडीत एका तेराव्याला गेलो होतो. पन्नाशीही न गाठलेला माणूस दारूने गेला. पंगतीत कोणीतरी म्हणालं, “आपल्याच हातान मेलो तो.” सगळ्यांनी माना हलवल्या आणि आमटी वाढून घेतली. मीही.

मी त्याला लहानपणापासून ओळखत होतो. होडी विकावी लागल्यापासून त्याला झोप नव्हती. तो मरायला नव्हे, रात्र ढकलायला प्यायचा. फ्रॉइडने 1920 साली मांडलं की माणसाच्या आतच मरणाची ओढ असते. असेल बापडी, पण आमच्या या गड्याला ओढ होती ती झोपेची.

कायदासुद्धा शहाणा झाला. भारतीय दंड संहितेच्या कलम 309 खाली जीव द्यायचा प्रयत्न करणाऱ्याला वर्षभराची कैद होऊ शकायची. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा म्हणतो, तो माणूस तीव्र ताणाखाली आहे असंच आधी धरून चाला. पंगत मात्र अजून 309 वरच आहे.

आणि ‘आत्मघात’ हा शब्द आपण किती सैल वापरतो बघा. म्हणे, एलईडी लावून मासे मारणारे स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतायत. कसला स्वतःच्या! रात्री पाण्यात उजेड पाडायचा, मासळी गोळा झाली की वेढा घालून सगळी उचलायची. केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये यावर बंदी घातली, तरी दिवे दिसतातच. बोटवाल्याच्या पेट्या भरतात, रिकामी येते ती रापण, किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. धोंडा त्याचा, पाय दुसऱ्याचा.

हापूसचंही तेच. कराराने बाग घेणारा कल्टार, म्हणजे लवकर मोहर आणायचं औषध, झाडांना बेसुमार ओततो, दोन-चार हंगाम मोहर काढून घेतो आणि निघून जातो. खचलेली कलमं राहतात मालकाला. (स्वतःच्याच बागेत जास्त ओतणारेही आहेत. पण मार्चच्या पेटीला जो भाव असतो तो मेमध्ये नसतो, आणि कर्जाचा हप्ता मेपर्यंत थांबत नाही.)

म्हणजे जिथे दुसऱ्याचा घात आहे तिथे आपण ‘आत्मघात’ म्हणून सोडून देतो, आणि जिथे माणूस कसाबसा तगून राहायला बघतो तिथे तोच शब्द शिव्यासारखा फेकतो.

त्या पंगतीत मी गप्प बसलो, त्याचं कारण वेगळं आहे. श्रावणात तो दोनदा माझ्याकडे आला होता. “डॉक्टरकडे नेशील काय रे? एकट्यान जावक होना नाय.”

मी म्हटलं होतं, गणपती होऊं देत, मगे जाऊया.