रक्तदाबासाठी रामनाम

डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लिहून दिली आणि तिच्याखाली 'रोज वीस मिनिटे प्रार्थना किंवा जप' अशी एक ओळ जोडली. गोळीविषयी घरात कोणालाही मत नव्हते. जपाविषयी मात्र प्रत्येकाला होते.

आईने तुळशीची माळ, जप करताना माळेचा हात झाकायची कापडी पिशवी म्हणजे गोमुखी आणि नियम एकदमच हाती दिले. माळ मधल्या बोटावर धरून अंगठ्याने ओढायची, एकशे आठ मणी झाले की मेरुमणी न ओलांडता उलट फिरायचे आणि तर्जनीचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, कारण ते अहंकाराचे बोट. ज्या बोटाने मी कचेरीत आयुष्यभर इतरांच्या चुका दाखवल्या, त्याला असे जाहीरपणे निलंबित केलेले पाहून आमच्या सौभाग्यवतींना झालेला आनंद लपण्याजोगा नव्हता.

मुलीने शास्त्राची बाजू सांभाळली. इटलीतील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात २३ निरोगी माणसांकडून लॅटिनमधली 'आवे मारिया' ही प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणवून घेतला होता. दोन्हींमुळे श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ झाला आणि त्या लयीत हृदयाचे ठोके व रक्तदाब एकमेकांशी जुळवून घेऊ लागले. "म्हणजे बाबा, देव कोणताही चालतो, फक्त सावकाश घ्यायचा," असा निष्कर्ष तिने काढला.

नेमके तेच मला जमेना. 'श्रीराम जय राम जय जय राम' हा तेरा अक्षरांचा मंत्र मी एका श्वासात चार वेळा बसवू लागलो, कारण हाती घेतलेले काम मुदतीआधी उरकण्याची सवय अंगात मुरलेली होती. माळ चहा उकळण्यापूर्वी संपे आणि मला धाप लागे. "अरे, रामाला बोलावतोयस की पिटाळतोयस?" आईने स्वयंपाकघरातून विचारले.

मग वेग कमी केला, तर दोन नामांमध्ये जागा पडू लागली आणि त्या जागेत सोसायटीची थकबाकी, गळका नळ आणि मेहुण्याला द्यायचे राहून गेलेले चोख उत्तर अशी मंडळी येऊन बसू लागली. पूर्वी दिवसभर विखुरलेल्या चिंतांना आता सकाळी सहाची ठरलेली वेळ मिळाली. शिवाय गोमुखीत एकच हात गुंतलेला असल्याने दुसरा रिकामा आहे, हे घरच्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. दुधाची पिशवी, पार्सलवरची सही, सगळे त्या हाताकडे येऊ लागले. बोलायचे नसल्याने उरलेला कारभार गोमुखीबाहेर राहिलेली तर्जनी खुणांनी चालवी. जपातून वगळलेल्या बोटाने घर ताब्यात घेतले.

आई मात्र वर्षानुवर्षे याच घरात, याच गोंगाटात जप करते. मधूनच "दूध बघ गं, उतू जातंय" म्हणते आणि पुढचा मणी ओढते. तिचा रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला आहे. मला वाटते, तिने रामाकडे रक्तदाबाचा विषय कधी काढलेलाच नाही. मी मात्र प्रत्येक माळेनंतर दंडाला यंत्राचा पट्टा गुंडाळून पावती मागत होतो.

एवढ्यात सोसायटीने सामूहिक जपाचा संकल्प सोडला. समर्थ रामदासांनी नाशिकजवळच्या टाकळीला बारा वर्षांत तेरा कोटी जप केला, असे परंपरा सांगते. आमच्या निवृत्त लेखापालांनी त्याचा दैनिक हिशेब मांडला: रोज सुमारे तीस हजार, म्हणजे जवळजवळ पावणेतीनशे माळा. आपला जप दुसऱ्याला दिसू नये म्हणून गोमुखी असते, पण येथे प्रत्येकाने आपला आकडा रात्री नऊच्या आत व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायचा होता. तळमजल्यावरच्या काकांचा आकडा वाचताच माझ्या कानशिलांत ठोके पडू लागले, आणि मी बोटात घालायचे मोजणीयंत्र विकत आणले. दुसऱ्या दिवशी काकांच्याही बोटात तेच दिसले.

संकल्प पुरा झाल्यावर वाढलेला ताण घालवण्यासाठी आता मौनाचा सप्ताह ठरला आहे. दिवसभरात किती तास मौन पाळले, ते प्रत्येकाने रोज रात्री कळवायचे आहे आणि ज्येष्ठांना टंकण्याचा त्रास नको म्हणून ध्वनिसंदेश चालतील, असे सचिवांनी कळवले आहे.