म्हाताऱ्यांना इंजेक्शन देणारा कायदा? कुठला?

"सरकारने इच्छामरणाचा कायदा पास केला. मुलांनी शंभरच्या बाँडवर सही केली की डॉक्टर इंजेक्शन देऊन मोकळं करतात. अर्ज कलेक्टर ऑफिसात मिळेल." सोलापुरात फिरणारा हा फॉरवर्ड आमच्या आत्याबाईंपर्यंत पोचला. आता त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनलाही दवाखान्यात यायला तयार नाहीत. म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी इंजेक्शन, कारण भीती त्याचीच आहे. इंजेक्शन देऊन पेशंटचा जीव घेणं भारतात गुन्हा आहे, पेशंटने हात जोडून मागितलं तरी. सज्ञान माणसाची संमती असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ च्या अपवादाने तो खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरतो, एवढाच फरक. परवानगी आहे ती बरं होण्याची आशा नसलेल्या पेशंटचा व्हेंटिलेटर किंवा तसे जीव लांबवणारे उपचार थांबवायची, किंवा सुरूच न करायची. दुखणं कमी करणारी औषधं, कूस बदलणं, तोंड ओलं करणं चालूच राहतं.

"कायदा"सुद्धा खोटा. आहे तो सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींचा ९ मार्च २०१८ चा निकाल, २४ जानेवारी २०२३ ला सोपा केलेला. पुढचं सगळं त्यातलंच.

मुलांच्या नुसत्या सहीवर काहीच होत नाही. लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या आजारात कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, ज्याची त्यानेच करायची, डोकं ठिकाणावर असताना, दोन साक्षीदारांसमोर, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे. ती उघडते कधी? माणूस स्वतःचं म्हणणं सांगू शकत नाही तेव्हाच. तेव्हाही उपचार थांबवायचे का हे आधी एक मंडळ बघतं, त्यात उपचार करणारा डॉक्टर आणि किमान ५ वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. मग दुसरं मंडळ, त्यात वेगळे दोन तज्ज्ञ आणि जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, आणि अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं. विल नसेल तरी दोन्ही मंडळं टळत नाहीत.

विल फसते ती मोघम शब्दांनी. "मला त्रास देऊ नका" एवढ्यावर मंडळ काय ठरवणार? व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीने अन्न, यातलं काय नको, कुठल्या अवस्थेत नको, आपल्या वतीने कोण बोलणार, हे नावानिशी लिहा. एक प्रत आपल्या वतीने बोलणाऱ्या माणसाकडे, एक फॅमिली डॉक्टरकडे, एक महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. कपाटात दागिन्यांखाली ठेवलेली विल आयसीयूच्या दारात कुणाला सापडणार? मत बदललं तर लेखी रद्द करा, केव्हाही.

कलेक्टरचं म्हणाल, तर कलेक्टर ऑफिसच्या पूनम गेटवर आंदोलक "इच्छामरणाची परवानगी द्या" म्हणून निवेदनं देतात, त्यावरून कुणीतरी ही पुडी सोडली असणार.

एक मात्र नाइलाजाने मान्य. बिल झेपत नाही म्हणून सही करून पेशंटला घरी नेतात, हे आपल्याकडे होतं. पण त्यात ना मंडळ, ना दुखणं थांबवणारं औषध, आणि पेशंटला तर कुणी विचारलेलंही नसतं. त्याला इच्छामरण म्हणू नका. इच्छा कुणाची होती तिथे?